नौकेचेही एक पंचांग असते!

परतवाडा : श्रावणात दोन्ही काठ ओलांडून वाहणारी सापन आणि वैशाखात वाळूतून वाट शोधणारी सापन ही एकच नदी आहे, हे नवख्या माणसास सांगूनही पटावयाचे नाही. परतवाडा-अचलपूर या जुळ्या नगरांना सापन आणि बिच्छन या दोन नद्यांची साथ आहे. दोन्ही नद्या सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतून उतरतात, पूर्णेला जाऊन मिळतात आणि पूर्णेच्या संगतीने तापीमार्गे अरबी समुद्राला पोहोचतात. वर्षातील काही दिवस या नद्यांत पाणी इतके असते की नाव घालण्याचे धाडस होऊ नये, आणि उरलेले अनेक महिने इतके कमी असते की नाव घालण्याचे कारणच उरू नये. वऱ्हाडातील नौकानयनाची सारी कहाणी या दोन टोकांमध्ये सामावलेली आहे.

शेतकऱ्याचे वर्ष नक्षत्रांवर चालते, हे सर्वांना ठाऊक आहे. मृगाला पेरणी, हस्ताला रब्बीची आशा, हा हिशेब घरोघरी पाठ असतो. परंतु नावाड्याचेही असेच एक वर्ष असते आणि तेही आकाशाकडे पाहूनच ठरते, याची जाणीव नदीकाठच्या माणसांनाही क्वचितच असते. या अजाणतेपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे अमरावती जिल्ह्याने १४ सप्टेंबर २०२१ रोजी अनुभवले. वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीच्या पात्रात १३ जणांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि ११ जणांना जलसमाधी मिळाली. दोघे पोहून काठास लागले म्हणून वाचले. दशक्रियेसाठी एकत्र आलेल्या आप्तांवर दुसरा शोक कोसळला. तो काळ भाद्रपदाचा, उत्तरा नक्षत्राच्या आरंभाचा होता. नदी भरलेली होती आणि धबधबा पाहण्याची ओढ होती. पंचांगात त्या दिवशी नौकेसाठी काय लिहिले होते, हे मात्र कोणी पाहिले नव्हते.

नौकेचे हे पंचांग प्रत्येक प्रदेशात निराळे असते. कोठे बर्फ नावेला थांबवतो, कोठे हिवाळी वादळे, कोठे मोसमी लाटा, तर कोठे नदीचा पूर. जगभरातील नावाड्यांनी आपापल्या प्रदेशातील हा शत्रू ओळखला आणि त्यानुसार नाव पाण्यात उतरविण्याचा व पाण्याबाहेर काढण्याचा दिवस ठरविला. ज्यांनी तो पाळला ते तरले. वऱ्हाडातील शत्रू कोणता आणि आपला दिवस कोणता, हे समजून घेण्यासाठी आधी इतरांची पंचांगे चाळणे उपयुक्त ठरेल.

कोकणचा बंद दरवाजा

महाराष्ट्रातील सर्वांत काटेकोर पंचांग कोकण किनाऱ्याचे आहे. मे महिन्याच्या अखेरीस तेथील होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि जाळी घरी येतात. राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या बंदीमागे दोन कारणे आहेत. पहिले कारण माशांच्या प्रजननाचे. अनेक जातींचे मासे याच काळात अंडी घालतात, आणि त्यांना उसंत मिळाली नाही तर पुढच्या हंगामात जाळे रिकामे येते. दुसरे कारण खुद्द कोळ्याच्या जिवाचे आहे.

नैऋत्य मोसमी वारे हजारो किलोमीटर मोकळ्या समुद्रावरून वाहत येतात. वाऱ्याचा जोर, तो वाहण्याचा कालावधी आणि त्याला मिळालेला मोकळा पल्ला या तिन्हींच्या गुणाकारातून लाट उभी राहते. अरबी समुद्रात जून-जुलैत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कमाल पातळीवर असतात. त्यामुळे भर पावसाळ्यात खोल समुद्रात तीन-चार मीटर उंचीच्या लाटा ही नित्याची बाब ठरते. किनाऱ्याजवळ पाणी उथळ होते तशी हीच लाट उभी राहून फुटते. खाडीच्या मुखाशी समुद्राची लाट आणि पावसाने फुगलेल्या नदीचा प्रवाह समोरासमोर येतात. बंदरात शिरणाऱ्या होडीला सर्वांत मोठा धोका असतो तो याच जागी.

प्रवासी वाहतुकीचेही तेच. गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा ही लाँचसेवा मेअखेरीस थांबते आणि पावसाळा ओसरल्यावर पुन्हा सुरू होते. राजापुरीहून जंजिऱ्याला आणि मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. भाऊचा धक्का ते मांडवा या मार्गावर २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो नौका आकाराने मोठी असल्याने पावसाळ्यातही हवामान पाहून चालविली जाते. म्हणजे मोठ्या नौकेने पंचांगातील काही पाने बदलली, परंतु पंचांग रद्द झालेले नाही.

हा दरवाजा किती महत्त्वाचा आहे, याची आठवण किनाऱ्यावर अद्याप ताजी आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट ऐन आषाढात बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असताना कोकणातील शेकडो घरांत अंधार झाला. अंतर थोडे होते, मार्ग रोजचा होता. बदललेला होता तो ऋतू.

श्रावण पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी बांधव नव्या हंगामाचा आरंभ करतात. शासकीय तारीख आणि नारळी पौर्णिमा यांत काही दिवसांचा फरक पडतो. पण दोन्हींचा अर्थ एकच, की समुद्र पुन्हा माणसाला आत घेण्यास राजी होऊ लागला आहे.

वादळांचे दोन हंगाम

पावसाळा संपला म्हणजे समुद्र सुरक्षित झाला, असे मात्र नाही. भारतीय समुद्रांत चक्रीवादळे प्रामुख्याने दोन काळांत जन्म घेतात. पहिला काळ मोसमी पावसाच्या तोंडावर, म्हणजे मे आणि जूनच्या आरंभी. दुसरा काळ पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. ऐन पावसाळ्यात मात्र वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांच्या गती व दिशा एवढ्या भिन्न असतात की वादळाचा उभा स्तंभ टिकाव धरू शकत नाही.

कोकणच्या इतिहासात नोव्हेंबर महिना म्हणूनच काळ्या अक्षरांत नोंदला गेला आहे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी कोकण किनाऱ्यानजीक वादळात बुडाल्या. बरोबर ८२ वर्षांनी, ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळाने त्याच किनाऱ्यावर मच्छीमारांना गाठले. दुसऱ्या टोकाला मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळ आहे. त्या वादळात मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडून अनेक कामगारांचा अंत झाला.

या काळात बंदरांवर हवामान खात्याच्या सूचनेनुसार क्रमांकित बावटे लावले जातात. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य किनाऱ्यावरील शाळकरी मुलालाही समजते. कॅरिबियन समुद्रात अशीच शिस्त १ जून ते ३० नोव्हेंबर या चक्रीवादळांच्या अधिकृत हंगामात पाळली जाते. त्या सहा महिन्यांत पुष्कळ शिडाच्या नौका दक्षिणेकडील, वादळांच्या वाटेपासून दूर असलेल्या बेटांकडे नेऊन ठेवतात.

जेथे पाणीच दगड होते

उष्ण प्रदेशात नावेला वारा आणि लाट थांबवते, तर शीत प्रदेशात खुद्द पाणीच तिची वाट अडवते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचे तापमान उणे आठ अंशांच्याही खाली उतरले आणि दल सरोवराचा पृष्ठभाग गोठला. त्या दिवसांत शिकारा चालविणाऱ्यांना वल्ह्याने बर्फ फोडीत वाट काढावी लागते. वसंतात बागा फुलल्या की शिकाऱ्यांचे खरे वर्ष सुरू होते आणि शरद ऋतूत चिनारची पाने तांबडी होईपर्यंत ते चालते.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील पंचमहासरोवरांत हीच गोष्ट प्रचंड प्रमाणावर घडते. सुपीरियर सरोवरातून खालच्या सरोवरांत जाण्यासाठी सू सेंट मेरी येथे लॉकगेटची व्यवस्था आहे. बर्फामुळे ती दरवर्षी साधारणपणे १५ जानेवारी ते २५ मार्च या काळात बंद ठेवली जाते आणि देखभालीची कामे त्याच वेळी उरकली जातात. टोरांटोच्या परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे उन्हाळ्यात ज्या ओंटारिओ सरोवराच्या काठी सहलीला जातात, तेथील खासगी नौका पानगळीच्या सुमारास पाण्याबाहेर काढल्या जातात. इंजिनातील पाण्याचा थेंबन् थेंब काढून टाकावा लागतो. कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि लोखंडालाही तडा देते.

मात्र तेथील जाणत्यांना बर्फापेक्षा अधिक भय वाटते ते बर्फापूर्वीच्या दिवसांचे. नोव्हेंबरात सरोवराचे पाणी अजून उबदार असते आणि उत्तरेकडून थंड हवा उतरू लागते. या विरोधातून भयंकर वादळे उठतात. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे अवाढव्य मालवाहू जहाज सुपीरियर सरोवरात बुडाले आणि २९ खलाशांपैकी एकही वाचला नाही. ऋतू संपता संपता आणखी एक फेरी करण्याचा मोह नावाड्याच्या मुळावर येतो, हा अनुभव जगात सर्वत्र सारखाच आहे.

भूमध्य समुद्राचे पंचांग आपल्या अगदी उलट आहे. तेथे उन्हाळा कोरडा आणि हिवाळा वादळी. प्राचीन रोमन काळात ११ नोव्हेंबर ते १० मार्च हा समुद्र ‘बंद’ मानला जाई, अशी नोंद वेजेशियस या लेखकाने केली आहे. कोकणातील समुद्र जेव्हा नुकताच खुला झालेला असतो, तेव्हा रोमन खलाशी आपली गलबते बंदरात बांधीत असत. दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर होते.

पाऊसच जेथे निमंत्रण देतो

पावसाळा म्हणजे नौका बंद, हे सूत्रही सर्वत्र लागू नाही. केरळमध्ये नौकांच्या शर्यतींचा उत्सव पावसाळ्यातच रंगतो. अलाप्पुळा येथील पुन्नमडा सरोवरात १९५२ पासून चालत आलेली नेहरू करंडक शर्यत दीर्घकाळ ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी होत असे. तेथील पश्चजल हे समुद्रापासून जमिनीच्या पट्ट्याने वेगळे झालेले, संथ आणि सपाट पाणी आहे. पावसाने ते भरते, पण डोंगरी नदीसारखे उसळत नाही. तरीही २०१८ मध्ये महापुराने केरळ हादरला तेव्हा हीच शर्यत पुढे ढकलून १० नोव्हेंबरला घ्यावी लागली. ज्या पावसाने उत्सव दिला, त्यानेच तो थांबविलाही.

बांगलादेशाच्या सखल भागांत तर पावसाळ्यात नाव हीच सायकल आणि नाव हीच बैलगाडी असते. तेथील नावाड्याचा खरा शत्रू पूर नसून चैत्र-वैशाखातील ‘कालबैसाखी’ हे अवचित उठणारे वादळ आहे. ही बाब वऱ्हाडने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे, कारण त्याच जातीचे वादळ आपल्याही आकाशात जन्माला येते.

वऱ्हाडचे पाणी तीन प्रकारचे

इतरांची पंचांगे पाहून झाल्यावर आता घराकडे वळू. वऱ्हाडात नाव चालते ती तीन प्रकारच्या पाण्यावर. पहिले डोंगरी नद्यांचे पाणी, दुसरे धरणांचे आणि तिसरे तलावांचे. तिन्हींचा स्वभाव निराळा असल्याने धोक्याचे महिनेही निराळे आहेत.

डोंगरी नदीचा मुख्य गुण म्हणजे तिची घाई. समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर असलेल्या चिखलदऱ्याला पाऊस पठारभागापेक्षा पुष्कळ अधिक पडतो. तेथून परतवाड्यापर्यंत उतरताना थोड्याच अंतरात शेकडो मीटरची उंची संपते. उतार तीव्र, खडक कठीण आणि माती पातळ असल्याने पडलेले पाणी मुरण्यास वेळच मिळत नाही. परिणामी डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, की काही तासांतच पायथ्याच्या नदीला लोंढा येतो. खाली मात्र त्या वेळी ऊनही पडलेले असू शकते. ‘आपल्याकडे पाऊस नाही, मग नदीला भीती कसली?’ हा विचार म्हणूनच सर्वांत घातक आहे.

प्रवाहाच्या बळाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा आडव्या नावेवर पडणारा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. वेग तिप्पट झाल्यास दाब नऊपट होतो. काल ज्या नावाड्याने सहज नदी ओलांडली, त्याच नावाड्याच्या हातातून आज वल्हे का सुटते, याचे उत्तर या गणितात आहे. पुरात वाहून येणारी झाडे, पाण्याखाली दडलेले खडक आणि धबधब्याच्या पायथ्याशी फिरणारे भोवरे हे या संकटात भर घालतात.

त्यात भाराचा प्रश्न येतो. नावेच्या काठाची कड आणि पाण्याची पातळी यांतील अंतर हीच नावेची खरी सुरक्षितता होय. माणशी सरासरी ६० किलो धरले तरी १३ माणसांचे वजन पावणेआठशे किलोच्या पुढे जाते. छोट्या डोंग्यावर एवढा भार पडला की कड पाण्यापासून काही बोटेच वर राहते. अशा वेळी एखादी साधी लाट किंवा एकाच बाजूला झुकलेली दोन माणसे नावेत पाणी घेण्यास पुरेशी होतात. एकदा आत शिरलेले पाणी नाव कलेल त्या बाजूला धावते आणि तिला अधिकच कलंडविते. त्यानंतर जे घडते ते क्षणार्धात.

धरणाचा फसवा शांतपणा

धरणाचे पाणी वाहत नाही, म्हणून ते निर्धोक वाटते. परतवाड्याजवळ वझ्झर येथील सापन प्रकल्प, चंद्रभागा, अंजनगावकडील शहानूर आणि मोर्शीनजीक सिंभोऱ्याचा अप्पर वर्धा या धरणांनी गेल्या काही दशकांत वऱ्हाडाला मोठे जलाशय दिले. १३ दरवाजांच्या अप्पर वर्ध्याचा उपयुक्त साठाच सुमारे ५६४ दशलक्ष घनमीटर आहे. मासेमारी करणाऱ्या बांधवांसाठी हे जलाशय उपजीविकेचे साधन बनले.

या पाण्याचे दोन धोके आहेत. पहिला पावसाळ्याच्या उत्तरार्धातील. धरण भरले की दरवाजे उघडावे लागतात. अशा वेळी धरणाच्या खालच्या बाजूस पाऊस नसतानाही पात्रातील पाणी वाढते. म्हणूनच विसर्ग सोडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो.

दुसरा धोका उन्हाळ्याचा असून तो अधिक फसवा आहे. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडचा पारा ४५ अंशांना स्पर्श करतो. तापलेल्या जमिनीवरील हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर उंचच उंच ढग उभे राहतात. त्यांतून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत बाष्प होऊन विरतो. त्यामुळे हवा एकदम थंड व जड होते आणि धाडकन जमिनीवर आदळून चारी दिशांना पसरते. वऱ्हाडात ज्याला वावधन म्हणतात ते हेच. जमिनीवर या वाऱ्याला झाडे आणि घरे अडवतात, जलाशयावर मात्र त्याला अडविणारे कोणी नसते. पाच-सात किलोमीटरचा मोकळा पल्ला मिळाला की काही मिनिटांतच आखूड, उभ्या आणि लागोपाठ येणाऱ्या लाटा तयार होतात. समुद्रातील लांब लाटेवर नाव चढते आणि उतरते; या आखूड लाटा मात्र नावेला सावरण्यास अवधीच देत नाहीत.

भीमा नदीवरील उजनी धरणात २१ मे २०२४ रोजी हेच घडले. करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. त्यात सहा जणांचा मृत्यू झाला आणि एक जण पोहून बाहेर आला. पावसाळा अद्याप सुरूही झालेला नव्हता. नेहमीची वाट, नेहमीची बोट आणि वैशाखातील एक सायंकाळ, एवढेच निमित्त झाले.

उन्हाळ्यात पाणी आटत गेल्याने आणखी एक अडचण उद्भवते. धरणात बुडालेल्या झाडांचे बुंधे, जुन्या विहिरींचे काठ, पडक्या भिंती पाण्याच्या पातळीजवळ येतात. वर दिसत नाहीत, परंतु नावेच्या तळाला लागतात. कार्तिकात निर्धोक असलेली वाट चैत्रात तशी राहत नाही.

तिसरा प्रकार तलावांचा. नौकाविहारासाठी ओळखला जाणारा चिखलदऱ्याचा शक्कर तलाव त्यांत येतो. पठारावरील अशा तलावात प्रवाहाचे भय नसते. तेथे जपावे लागते ते धुक्यापासून आणि वाऱ्याच्या झोतापासून. श्रावण-भाद्रपदात धुके पाहण्यासाठीच पर्यटक घाट चढून येतात. मात्र ज्या धुक्यात समोरचा काठ दिसत नाही, त्या धुक्यात बुडणाऱ्याला काठावरचे लोकही पाहू शकत नाहीत.

वऱ्हाडच्या नावाड्याचे वर्ष

या साऱ्याचा मेळ घातला तर वऱ्हाडातील नौकेचे पंचांग पुढीलप्रमाणे मांडता येते.

रोहिणी आणि मृग : वावधनाचे दिवस. धरणावर दुपारनंतर नाव नको. सकाळी गेलेली नावही माध्यान्हापूर्वी काठाला लागलेली बरी.

आर्द्रा आणि पुनर्वसू : नद्या जाग्या होतात. पहिल्या पुरासोबत वर्षभराचा कचरा, फांद्या आणि गाळ वाहून येतो. जुन्या वाटेवर विश्वास ठेवू नये, कारण पात्र बदललेले असते.

पुष्य, आश्लेषा आणि मघा : डोंगरी नदीत नाव पूर्णतः वर्ज्य.

पूर्वा, उत्तरा आणि हस्त : सर्वांत मोहाचा काळ. पाऊस उघडीप देतो, धबधबे भरलेले असतात, सणवार आणि विसर्जने याच दिवसांत येतात. धरणे तुडुंब असल्याने विसर्ग केव्हाही होऊ शकतो. झुंजची दुर्घटना याच काळातील आहे.

चित्रा आणि स्वाती : मोसमी वारे परततात. परतीच्या पावसाच्या गडगडाटी सरी संपल्या की पाणी निवळते आणि आकाश स्वच्छ होते.

कार्तिक ते माघ : नौकेचा खरा हंगाम. जलाशय भरलेले, वारा मंद, पाणी स्वच्छ. पहाटेचे धुके निवळेपर्यंत थांबणे आणि थंड पाण्यात पडल्यास शरीर लवकर गारठते हे ध्यानात ठेवणे, एवढीच सावधगिरी हवी.

फाल्गुन आणि चैत्र : उतरते पाणी. बुडालेल्या बुंध्यांपासून जपावे. वैशाख लागताच पुन्हा आकाशाकडे लक्ष.

म्हणजे बारा महिन्यांपैकी निर्वेधपणे नाव घालावी असे जेमतेम चार-साडेचार महिने आपल्या वाट्याला येतात. कोकणातील कोळ्याला यापेक्षा दीर्घ हंगाम मिळतो. तरीही समुद्राचे भय अधिक आणि नदीचे कमी मानण्याची आपली रीत आहे.

तारीख नाही, हीच उणीव

किनाऱ्यावरील आणि नदीवरील परिस्थितीतील खरा भेद येथेच आहे. किनाऱ्यावर १ जून ही तारीख सर्वांना पाठ असते. बावटा डोळ्यांना दिसतो आणि होडी ओढलेली असल्याने मोहाला वावच उरत नाही. नदीकाठी असा सर्वांना ठाऊक असलेला दिवस नाही. तेथे निर्णय त्या क्षणी, काठावर उभे राहून, पलीकडे जाण्याच्या घाईत घेतला जातो. पूर्वी नदीकाठच्या भोई समाजातील जाणता नावाडी पाण्याचा रंग पाहूनच नाव सोडण्यास नकार देत असे. पूल झाले, रस्ते झाले, नदीची ये-जा थांबली आणि पाण्याकडे पाहण्याची ती नजरही विरळ झाली. आता नाव उरली ती मासेमारीपुरती आणि हौसेपुरती. आणि हौस बहुधा नेमकी चुकीच्या ऋतूत येते.

कायद्याची चौकट उपलब्ध आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये नौकांची नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता आणि जीवरक्षक साधने यांविषयी तरतुदी असून यंत्ररहित नौकांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु आडगावच्या डोहापर्यंत कायदा पोहोचण्याआधी नाव पोहोचलेली असते. म्हणून ग्रामपंचायत, मच्छीमार संस्था आणि देवस्थाने यांनी आपापल्या काठापुरता नाव बंद ठेवण्याचा दिवस आणि ती पुन्हा घालण्याचा दिवस ठरवून तो फलकावर लिहिला, तर त्यासाठी फारसा खर्च येणार नाही. पोळ्याचा दिवस जसा सांगावा लागत नाही, तसा हा दिवसही काही वर्षांत अंगवळणी पडेल.

तोवर काही खुणा प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, त्यावर काडीकचरा व फेस वाहू लागणे, काठावरचे ओले दगड पाहता पाहता पाण्याखाली जाणे आणि वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे ही लोंढा येत असल्याची चिन्हे होत. धरणावर असताना क्षितिजावर काळा पट्टा दिसणे, वारा एकाएकी पडणे आणि पाठोपाठ थंड झुळूक येणे ही वावधनाची पूर्वसूचना. अशा वेळी पलीकडचा काठ कितीही जवळ असला, तरी जो काठ सर्वांत जवळ असेल त्याकडेच नाव वळवावी. नावेत जीवरक्षक जॅकेट केवळ ठेवलेले नव्हे, अंगात घातलेले असावे. नाव हेलकावल्यास उभे न राहता खाली बसावे, आणि ती उलटलीच तर सोडून पोहत जाण्यापेक्षा तिलाच धरून राहावे. लाकडी नाव उलटली तरी बहुधा तरंगत राहते.

दलचा शिकारेवाला बर्फ वितळण्याची वाट पाहतो, ओंटारिओचा नौकामालक वसंताची, कोकणचा कोळी नारळी पौर्णिमेची. वऱ्हाडच्या माणसाला वाट पाहावयाची आहे ती फार तर कोजागिरीपर्यंत. तेव्हा हाच सापनचा जलाशय शांत असतो, आकाश धुतल्यासारखे निर्मळ असते आणि नाव पाण्यात घालण्यास कोणाचीच हरकत नसते.